मामांच्या चिमट्याचं भोक

जव्हारहून मोखाड्याला जाणारी सकाळची लाल गाडी वेळेवर सुटली की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. त्या गाडीत आम्ही पस्तीस-चाळीस जण रोजचे. मी मोखाड्याच्या शाळेत मास्तर. शिवाय कचेरीतले पाच-सहा कारकून, दवाखान्यातल्या दोन सिस्टर, मोखाड्यात टपरी मांडून घड्याळं दुरुस्त करणारे जव्हारचे एक चाचा, आणि मधल्या एका पाड्यावर चढणारी एक आजी. आजीच्या टोपलीत हंगामाप्रमाणे कधी शेवळांची रानभाजी, कधी करवंदं, आणि बाजाराच्या दिवशी हमखास कोंबडा. प्रत्येकाची जागा ठरलेली. कोंबड्याचीसुद्धा.

जव्हारचं संस्थान केव्हाच विलीन झालं, पण या गाडीवर मात्र एका माणसाचं राज्य शाबूत होतं. आमचे कंडक्टर मामा. शिडशिडीत, खाकी कपडे कडक इस्त्रीचे, चष्मा काळ्या दोऱ्याने गळ्यात बांधलेला, आणि उजव्या हातात चिमटा. तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा मी त्यांच्या हातातून सुटलेला कधी पाहिला नाही. चहाचा कप ते डाव्या हाताने घ्यायचे, नमस्कारही डाव्या हाताने करायचे. चिमटा वापरून वापरून चांदीसारखा झालेला, आणि त्याच्या दाताचा एक टवका उडालेला. त्यामुळे त्यांनी पाडलेलं भोक पूर्ण गोल नसायचं. एका बाजूला बारीकशी खाच असायची, उंदराने कुरतडल्यासारखी. मामा म्हणायचे, ही माझी सही आहे. सही कोणीही गिरवेल, हे भोक गिरवून दाखवा.

मी गिरवायचा प्रयत्न केलेला आहे. म्हणजे, भोक बुजवायचा.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आम्ही दाभोशाला राहत होतो आणि मी जव्हारला कॉलेजात यायचो. मामा तेव्हा त्या मार्गावर होते. एके दिवशी माझ्या सुपीक डोक्यात आलं, की कालच्या तिकिटाचं भोक बुजवलं तर आज तेच चालेल. गाडीत जमिनीवर चिमट्यातून पडलेल्या चकत्यांचा सडा असायचा. त्यातली एक बरोबर रंगाची चकती मी निवडली आणि घरी पोचल्यावर भाताच्या शिताने जागेवर बसवली. नखाने घासून गुळगुळीत केली. इतकं सुबक काम मी पुढे आयुष्यात कशातच केलं नाही.

मामांनी तिकीट हातात घेतलं, खिडकीच्या उजेडापुढे धरलं, आणि ते शांतपणे म्हणाले, "शीत कोळपी तांदळाचं दिसतंय. सुटं असतं ते. जरा चिकट भात घ्यायचास."

सगळी गाडी माझ्याकडे वळून पाहायला लागली. मला वाटलं आता खाली उतरवणार. पण मामांनी मला नवीन तिकीट घ्यायला लावलं आणि वर शिक्षा सुनावली: जव्हार येईपर्यंत दाराशी उभं राहून प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्याने पुकारायचं. पहिल्या दोन थांब्यांना माझा आवाज फुटेना. तिसऱ्याला मजा यायला लागली. चौथ्याला तर मी उतरणाऱ्यांना हात जोडून निरोप देऊ लागलो आणि चढणाऱ्यांचं नाटकातल्या सूत्रधारासारखं स्वागत करू लागलो. आज मी चारचौघांत जे काही बोलतो, ते त्या दारात शिकलो. मामांनी मला पकडलं नसतं तर मी कदाचित सभ्य आणि मुकाट माणूस झालो असतो.

पुढे मी मास्तर झालो, जव्हारला बिऱ्हाड केलं, मामा मोखाड्याच्या गाडीवर आले, आणि आमची पुन्हा गाठ पडली. आता माझ्याकडे मासिक पास होता. निळसर कागद, त्यावर फोटो, फोटोवर अर्धा शिक्का. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी मामा एक विधी करायचे. पास हातात घेऊन फोटो पाहायचे, तोंड पाहायचे, पुन्हा फोटो पाहायचे, आणि मग पासच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात टक्. भोक पडलं की पास पक्का. मग महिनाभर ते पास मागायचे नाहीत. वरवर एक नजर टाकायचे आणि त्याऐवजी काहीतरी विचारायचे. सिस्टरना म्हणायचे, काल रात्री कितीला आला पेशंट? मला म्हणायचे, सहावीतला तो दांड्या मारणारा आला का? रोज वेगळा प्रश्न. लोकांना वाटायचं मामा बोलघेवडे आहेत. एकदा एका कारकुनाचा भाऊ, त्याच्यासारखाच दिसणारा, त्याच्या पासवर बसला. फोटो जुळला, भोक जुळलं. मामांनी सहज विचारलं, "साहेब, दाढेचं काय झालं?" भावाने सांगितलं, अगदी बरी आहे. कारकुनाची दाढ तीन दिवसांपूर्वीच उपटलेली होती, आणि ते सगळ्या गाडीला माहीत होतं, फक्त भावाला नव्हतं.

आता मामांच्या मनातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. डेपोच्या कॅन्टीनमध्ये, चहाच्या बरण्यांच्या वर, एक लाकडी फलक होता. सबंध नोकरीत एकही मेमो न घेता जे निवृत्त झाले त्यांची नावं त्यावर रंगवलेली असत. नावं दोनच होती, आणि दोन्ही ड्रायव्हरांची. त्यांच्या खाली बरीच मोकळी जागा. मामा चहा पिताना त्या मोकळ्या जागेकडे बघत बसायचे. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक ओळही नव्हती. दोन्ही ड्रायव्हरांच्या खाली पहिला कंडक्टर म्हणून आपलं नाव यावं, एवढी एकच हाव त्या माणसाला होती. बाजारपेठेतल्या पेंटरला त्यांनी आपल्या आडनावातली वेलांटी कशी काढायची तेसुद्धा सांगून ठेवलं होतं. निवृत्तीला पाच महिने राहिले होते.

आणि नेमकी तेव्हा नवी कार्डं आली.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मुंबईकडे असली कार्डं येणार अशा बातम्या पेपरात असायच्या, पण ती आमच्याकडे आधी येतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कुठल्याशा कंपनीला काही महिने प्रयोग करून पाहायचा होता. त्यांनी आमचाच मार्ग का निवडला, यावर गाडीत बरीच चर्चा झाली. शेवटी चाचांनी निकाल दिला, की इथे बिघडलं तर कुणाला कळणार नाही म्हणून.

पांढरं, गुळगुळीत कार्ड. वर गाडीचं चित्र आणि खाली आकडे. फोटो नाही, शिक्का नाही. डेपोत एक बैठक झाली, त्यात ते समजावून सांगितलं, आणि एक छोटं पुस्तक वाटलं. पुस्तक इंग्रजीत होतं. मी ते दोन रात्री बसून वाचलं आणि तिसऱ्या सकाळी गाडीच्या मधोमध उभा राहून व्याख्यान दिलं. घाटात दांडी धरून व्याख्यान देणं सोपं नसतं, पण श्रोते उठून जाऊ शकत नाहीत हा मोठा फायदा.

मी सांगितलं, की या कार्डाच्या पोटात भाताच्या दाण्याएवढी चिप आहे. तिला बॅटरी नाही. यंत्राजवळ नेलं की यंत्राच्याच ताकदीवर ती जागी होते. मग दोघं कानात कुजबुजतात. यंत्र तिला एक प्रश्न विचारतं. तिच्याकडे एक गुपित आहे. ते गुपित ती कधी उघड बोलत नाही, पण ते वापरून उत्तर देते. उत्तर बरोबर आलं की हिरवा दिवा. आणि दर वेळी प्रश्न नवा, त्यामुळे कालचं उत्तर चोरून ऐकलेल्याला आज उपयोग नाही. म्हणून हे कार्ड खोटं बनवता येत नाही.

मी थांबलो. टाळ्या अपेक्षित होत्या. मामा चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे मी विचारतो तसंच की."

गाडी हसली. मला थोडा राग आला, कारण एवढं मोठं विज्ञान त्यांनी एका ओळीत संपवलं. आणि ते बरोबरही होतं.

कार्डं आधी मिळाली आणि यंत्रं आठवड्याने येणार होती. तोवर नुसतं कार्ड दाखवायचं असा हुकूम. महिन्याची पहिली तारीख होती. मामा एकेकाचं कार्ड हातात घेऊन उलटसुलट करत होते. जुळवायला फोटो नाही, त्यामुळे त्यांचा विधीच अडला. आजीनेही आपलं अर्ध्या तिकिटाचं कार्ड पुढे केलं, आणि मामांनी ते नुसतं पाहून परत दिलं. आजी हात मागे घेईना.

"मामा, याला भोक नाय पाडलास."

"याला नाही पाडत आजी. नवीन आहे हे."

"भोक नाय तं मग खरा कसा? मना भोक पाडून दे."

आजीला वाचता येत नव्हतं. मामा या गाडीवर आल्यापासून तिच्या हातात जे जे कागद आले त्यातला कुठला चालतो आणि कुठला चालत नाही, हे तिने त्या कुरतडलेल्या भोकावरून ओळखलं होतं. पण ती एकटी नव्हती. कारकून म्हणाले, मामा, टक् झाल्याशिवाय महिना सुरू झाल्यासारखा वाटत नाही. सिस्टर म्हणाल्या, एवढंसं कोपऱ्यात पाडा. मामा घुटमळले. बैठकीत सांगितलं होतं की कार्ड वाकवू नका, पाण्यात टाकू नका. भोकाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, तुम्ही पुस्तक वाचलंय. कोपऱ्यात पाडलं तर चालेल?"

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, की मामा, मला माहीत नाही. चार शब्द. पण मी उभा होतो, सगळी गाडी माझ्याकडे बघत होती, आणि दारात उभं राहून थांबे पुकारणारा तो पोरगा माझ्या अंगात अजून जिवंत होता. मी एक हात उंचावून म्हणालो, "चिप मधे आहे मामा. कोपरा म्हणजे नुसतं प्लास्टिक. बेलाशक पाडा."

टक्. टक्. टक्. त्या सकाळी मामांनी अडतीस कार्डांना भोकं पाडली. शेवटचं माझं.

आठवड्याने यंत्र आलं. काळा डबा, पट्ट्याने मामांच्या गळ्यात. डाव्या हातात यंत्र, उजव्या हातात चिमटा, असे मामा दाराशी उभे राहिले. पहिला मान माझा. मी ऐटीत कार्ड यंत्रावर ठेवलं. काही नाही. मामांनी यंत्र हलवलं. मी कार्ड उलटं केलं, पुसलं, शर्टावर घासलं, पुन्हा ठेवलं. यंत्राने माझी दखलच घेतली नाही. सिस्टरचं कार्ड लावलं, मुकं. कारकुनांची लावली, मुकी. आजीने यंत्राला आधी नमस्कार केला आणि मग कार्ड लावलं, तरी मुकंच. मग एक अनोळखी गृहस्थ चढले, जव्हारजवळचं शिरपामाळ हे ठिकाण बघून नाशिककडे निघालेले. आदल्या दिवशी डेपोत त्यांनी हौसेने कार्ड काढलं होतं. त्यांनी ते सहज टेकवलं आणि यंत्र आनंदाने टिंग म्हणालं, हिरवा दिवा लागला. गृहस्थ जागेवर जाऊन बसले. त्यांच्या कार्डाला भोक नव्हतं.

 मामा चिमट्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी मोखाड्यात मी चाचांच्या टपरीवर गेलो. चाचांनी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं, माझं कार्ड टेबलावरच्या दिव्यावर धरलं, आणि मला जवळ बोलावलं. "इधर देखो गुरुजी. किनाऱ्याने दिसतं काय?"

दिसलं. कार्डाच्या कडेने, आतमध्ये, केसासारखी बारीक तांब्याची तार फिरलेली होती. एक नाही, चार-पाच फेरे. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात ते सगळे फेरे मामांच्या भोकापाशी येऊन तुटले होते.

चाचा म्हणाले, "चिप बरोबर मधे आहे, तुम्ही बोलले तशीच. पण तिचे कान कोपऱ्यात आहेत."

मी टपरीच्या बाकावर बसलो. चाचांनी भिंग उतरवून ठेवलं आणि चहा मागवला.  मग म्हणाले, अडतीस कार्डं म्हणजे खात्याचा माल. मामाला मेमो मिळणार. फलक गेला.

पुढच्या गुरुवारी चेकिंगचे साहेब आणि कंपनीची इंजिनिअर बाई आमच्या गाडीने येणार, असं कळलं. हातात तीन दिवस होते, आणि चूक माझी होती. मग माझ्या डोक्यात नाटक शिजायला लागलं. आमच्याकडे बोहाड्यात लाकडी मुखवटे बांधून सोंगं निघतात. गाडीतल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी सोंग घेतलेलं होतं. मी म्हटलं, आता एक सोंग मामांसाठी. भोकं आपणच पाडली, कार्ड गळ्यात बांधायला. गर्दीत हरवतं, लावणीच्या वेळी चिखलात पडतं, म्हणून दोरा ओवला. मामांना यातलं काही सांगायचं नाही, कारण मामांना खोटं बोलता येत नाही. मी सगळ्यांना संवाद वाटून दिले. सगळ्यांनी तेच वाक्य म्हटलं तर पाठांतर वाटेल, म्हणून मी दिग्दर्शकाच्या कौशल्याने प्रत्येकाला वेगळं हत्यार दिलं. आजीला दाभण. सिस्टरना इंजेक्शनची सुई तापवून. कारकुनांना कचेरीतलं फायलींचं पंच. चाचांना स्क्रू ड्रायव्हर. स्वतःला कर्कटक.

गुरुवारी सकाळी गाडीत अडतीस गळ्यांत अडतीस कार्डं लटकत होती. कुणाची बुटाच्या लेसला, कुणाची सुतळीला, सिस्टरची पांढऱ्या पट्टीला, आजीचं काळ्या दोऱ्याला मण्यांच्या मधे. मामा चढले, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "काय रे, सगळ्यांनी एकदम माळ घातली का?" कोणी हसलं नाही. तेवढ्यावरून त्यांना कळलं असावं.

साहेब पन्नाशीचे, जाड मिशांचे, स्वतः कंडक्टरकीतून वर आलेले. इंजिनिअर बाई तरुण, गळ्यात संगणकाची बॅग, आणि घाटाच्या दुसऱ्याच वळणावर तिचा चेहरा पांढरा पडला. आजीने टोपलीतून लिंबू काढून तिच्या हातात दिलं आणि तिला खिडकीशी बसवलं. बाईने लिंबू हुंगत माझं कार्ड पाहिलं, भोक पाहिलं, आणि तिचा जीव भांड्यात पडल्याचं स्पष्ट दिसलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. तिने साहेबांना दोन वाक्यांत सांगितलं. तार तुटली. कार्ड मेलं.

मग ती आमच्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाली, "आम्ही ही कार्डं पाण्यात उकळून पाहिली, उन्हात ठेवली. चोर काय काय करू शकेल त्याची मोठी यादी केली. कोणी दोरा ओवेल, हे यादीत नव्हतं."

साहेबांनी विचारायला सुरुवात केली, भोक कशाने पाडलं? आजी म्हणाली, दाभणाने. अगदी सहज, टोपली सावरत. मी मनात तिला बक्षीस दिलं. सिस्टरनी सुई सांगितली. कारकुनांनी पंच सांगितलं, त्यातल्या एकाने उत्साहात आडव्या फायलीचं की उभ्या फायलीचं तेही सांगितलं. चाचा म्हणाले, स्क्रू ड्रायव्हर, साहब, बारीकवाला. प्रयोग रंगला होता. मी कर्कटकाचं वाक्य म्हणायला घसा साफ करत होतो.

साहेबांनी आजीचं कार्ड दोऱ्यासकट उचललं आणि खिडकीच्या उजेडापुढे धरलं. मग सिस्टरचं धरलं. मग एका कारकुनाचं. पंधरा वर्षांपूर्वी माझं तिकीट ज्या पद्धतीने धरलं गेलं होतं अगदी तसंच, अंगठा आणि मधल्या बोटात, जरा तिरकं. 

"दाभण," साहेब म्हणाले. "सुई. पंच. स्क्रू ड्रायव्हर." मग ते थांबले. "आणि सगळ्या भोकांना एकाच उंदराने खाल्लंय."

 आजीने कोंबड्याच्या डोक्यावर पदर टाकला, जणू आता निदान त्याने तरी काही बघू नये. साहेबांनी मामांकडे पाहिलं नाही. ते मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिले. नंतर मला कळलं, की त्यांना ते भोक पहिल्याच कार्डावर ओळखू आलं होतं. ते मामांच्या हाताखाली उमेदवारी करून गेलेले होते. त्यांनी एक क्षण मोकळा सोडला होता. त्या क्षणात मामा गप्प राहिले असते तर कदाचित दाभणच कागदावर गेलं असतं.

मामा पुढे आले. डाव्या हाताने दांडी धरली, कारण उजव्यात चिमटा होता.

"साहेब, भोक माझं आहे. दाभणाने असं भोक पडत नाही."

मी उभा राहिलो. कर्कटक विसरलो. मी सांगितलं, की मामांनी मला विचारलं होतं आणि मीच म्हणालो पाडा, पुस्तक मी वाचलं होतं, संवाद मी लिहिले, मेमो मला द्या. आयुष्यात पहिल्यांदा मी नाटक न करता बोललो आणि माझा आवाज अगदी बारीक निघाला.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या खात्यात?"

"शिक्षण."

"मग तुम्हाला मेमो द्यायचा अधिकार मला नाही," साहेब म्हणाले, आणि मिशीखाली पुढचा शब्द आला, "दुर्दैवाने."

मोखाड्याला उतरताना मी मामांना गाठलं. म्हटलं, मामा, का बोललात? साहेब बघत नव्हते. मामांनी चिमटा गाडीच्या दाराच्या कडेवर दोनदा आपटून आतली चकती झाडली.

"गुरुजी, एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की हे भोक दुसऱ्या कुणाचं असू शकत नाही. आता फलकावर नाव यावं म्हणून म्हणू, की हे दाभणाचं?"

नवी कार्डं आली. ती चालली. टिंग, टिंग, टिंग, अशी अडतीस वेळा गाडी वाजायची. आजीला टिंग आवडायला लागलं, एकदा ती ते पुन्हा ऐकायला खाली उतरून परत चढली. मामा यंत्र पुढे धरायचे, हिरव्या दिव्याकडे बघायचे नाहीत, तोंडाकडे बघायचे आणि प्रश्न विचारायचे. पावसाळ्यात यंत्राच्या बॅटऱ्या दमेकऱ्यासारख्या धापा टाकू लागल्या, कंपनीने काय शिकायचं ते शिकून घेतलं असावं, आणि प्रयोग गुंडाळला. आम्ही निळसर कागदावर परत आलो.

आज मी शहरात जातो तेव्हा माणसं रांगेने कार्ड टेकवतात आणि फाटक उघडतं. कार्ड खरं आहे हे फाटकाला कळतं. दाढ उपटलेली आहे का, हे त्याला विचारावंसं वाटत नाही. तक्रार नाही माझी. नुसतं आठवतं.

मेमो यायला वेळ लागला. मामांच्या निवृत्तीला बारा दिवस उरले असताना डेपोतल्या कारकुनाने सकाळी गाडी सुटता सुटता तो त्यांच्या हातात दिला आणि सही घेतली. मामांनी गाडी घाटाला लागेपर्यंत तो उघडला नाही. मग माझ्या हातात दिला.

"वाचा, गुरुजी. मोठ्याने. मागपर्यंत ऐकू जाऊ द्या."

मी म्हटलं, कशाला मामा.

"अहो, एकतीस वर्षांत पहिला आहे. लोकांना कळू दे. आवाज तुम्हाला मीच दिलाय ना?"

मग मी उठलो, दाराशी जाऊन उभा राहिलो, दांडी धरली, आणि वाचला. खात्याच्या मालमत्तेचे आपल्याकडून नुकसान झाल्याचे निदर्शनास आले असून आपणांस याद्वारे समज देण्यात येत आहे. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला. सिस्टरनी रुमाल काढला. चाचा भिंग पुसत होते. भिंगाला काहीही झालं नव्हतं.

मामांनी कागद परत घेतला. चष्मा लावला, कागद खिडकीच्या उजेडापुढे धरला, अंगठा आणि मधल्या बोटात, जरा तिरका. शिक्का पाहिला, सही पाहिली. मग वरच्या उजव्या कोपऱ्यात टक्.

"खरा आहे," ते म्हणाले. घडी घालून वरच्या खिशात ठेवला, आणि आजीकडे वळून कोंबड्याची चौकशी करायला लागले.